टिंकरच्या घळीतला खड्डा बुजत नाही

आधीच सांगते, हे खरं आहे. ज्यांना दात काढायचे असतील त्यांनी इथूनच मागे फिरा. खाली "काहीही हं" लिहिलंत तर मी उत्तर देणार, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

भुतं रात्रीच येतात हे कुणी ठरवलं मला माहीत नाही.

हे झालं सकाळी साडेअकराला. गेल्या सप्टेंबरातला दुसरा रविवार. लख्ख ऊन. डनॉली गावापासून गाडीनं पंधरा मिनिटं, टिंकरची घळ. वॅटलची झाडं पिवळीधमक फुललेली.

घडलं माझ्या रेलीन मावशीसोबत. मी तिच्याकडेच राहते. तिनं मला हे सगळं एकदाच सांगितलं. भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. ताट स्वच्छ झालं तरी घासतच होती.

रेलीन मावशी बेकरीत काउंटरवर असते. पण गावात तिची ओळख वेगळी होती. क्लॅरीची सोनं शोधायची जोडीदारीण.

क्लॅरी हॉस्किंग. वय एक्क्याऐंशी. जन्मभर सोनं शोधलं त्यानं. आमच्याकडे दीडशे वर्षांपूर्वी लोकांनी जमीन खणून खणून तिची चाळण केली. त्यांच्या हातून जे सुटलं ते आम्ही मशीन घेऊन शोधतो. लांब दांडा, खाली थाळी, कानाला हेडफोन. थाळी जमिनीलगत डावीउजवीकडे फिरवायची आणि ऐकायचं. कानात एक बारीक गुणगुण चालू असते. सतत. खाली धातू आला की तो आवाज बदलतो. दहात नऊ वेळा गंजका खिळा निघतो.

नऊ वर्षं दोघं बरोबर फिरले. नऊ वर्षांत मावशीला मिळालेलं सगळं सोनं एका चमच्यात मावलं असतं.

"तुझं नशीब माझ्या गुडघ्यासारखंय, पोरी," क्लॅरी म्हणायचा. "वाजतं फार, चालत नाही."

"आणि तुझी जीभ? ती कशी रे थकत नाही म्हाताऱ्या?"

"ती बिनपगारी आहे. तिला सुट्टी कसली?"

क्लॅरीचे नियम दोनच.

बरोबर गेलो तर मिळेल ते निम्मं निम्मं. कुणाच्या का थाळीखाली निघेना.

आणि खड्डा बुजवायचा. आभाळ कोसळलं तरी बुजवायचा. माती आत ओढायची, कुदळीच्या पाठीनं दोनदा थोपटायची, थप... थप... आणि वर पाला टाकायचा. रानात कांगारू असतात, मेंढ्या असतात, माणसं असतात. कुणाचा पाय कधी जाईल सांगता येत नाही.

खड्डा उघडा टाकणाऱ्याला आमच्याकडे कुत्रं विचारत नाही.

गेल्या वर्षी क्लॅरीचे कान गेले.

पूर्ण नाही. जाड आवाज कळायचे, बारीक कळायचे नाहीत. आणि खोलवरचं सोनं बारीकच बोलतं. त्यानं हे गावात कुणाला कळू दिलं नाही. फक्त मावशीला माहीत होतं. शंका आली की तो तिच्या मागून यायचा. तिच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचा. तिच्या हेडफोनची डावी वाटी कानावरून हळूच उचलायचा.

"ऐक जरा, पोरी. काही आहे का?"

एवढा नावाजलेला माणूस. आणि विचारताना जमिनीकडे बघायचा, पाढे न येणाऱ्या मुलासारखा. मग मावशी त्याचं मशीन घ्यायची, त्याचे हेडफोन लावायची, थाळी फिरवायची आणि सांगायची. ती सांगेल ते तो मानायचा. खिळा म्हणाली तर खिळा.

तो एक गोष्ट नेहमी बोलायचा. "सोन्याचं मोठं ढेकूळ मिळालं तर मला ते विकायचं नाहीये गं. मरायच्या आधी एकदा हातात धरून बघायचंय, बस."

ऑगस्टचा एक मंगळवार. आमच्याकडे तेव्हा ऐन हिवाळा, कडाक्याची थंडी. टिंकरच्या घळीत एका जळक्या झाडाखाली त्यानं मावशीच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली.

"ऐक जरा, पोरी. काही आहे का?"

मावशीनं ऐकलं.

खोल. मऊ. लांब. तळघरात कुणी झोपेत "हूं" म्हणावं तसं.

असं तिनं नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं. पण तिला लगेच कळलं. खिळा असा बोलत नाही.

क्लॅरी तिच्या तोंडाकडे बघत होता.

"काही नाही, म्हाताऱ्या," मावशी म्हणाली. "गरम दगड."

लोखंड मुरलेल्या दगडाला आम्ही गरम दगड म्हणतो. तो मशीनला फसवतो. त्याच्यासाठी कुणी खणत नाही.

"वाटलंच," क्लॅरी म्हणाला. "गाढवाचे कान झालेत माझे." आणि हसला. तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि लंगडत पुढे गेला.

मी मावशीला ओरडून विचारलं, "का गं? निम्मं तर तुझंच होतं!"

ती म्हणाली, "तोंडातून निघून गेलं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "नाही. निघून नाही गेलं. मला सगळं हवं होतं."

बुधवारी ती एकटी गेली. मांडीपर्यंत खणलं. अक्रोडाएवढं ढेकूळ निघालं. एवढंसं, पण हातात घेतल्यावर हात खाली गेला, इतकं जड. तेवढ्यात वरच्या रस्त्यावर गाडीचा आवाज आला. कुणी बघितलं तर? क्लॅरीला कळलं तर? तिनं ढेकूळ मोज्यात कोंबलं आणि पळाली.

खड्डा तसाच.

उद्या बुजवू म्हणाली. गुरुवारी बेकरीतली दुसरी मुलगी आजारी पडली, मावशीला दोघींचं काम करावं लागलं.

आणि गुरुवारी दुपारी क्लॅरी एकटाच टिंकरच्या घळीत गेला.

का गेला कुणास ठाऊक. स्वतःच्या कानांवर विश्वास बसला नसेल. किंवा बसला असेल.

दर शुक्रवारी नऊला तो बेकरीत मटणाचा पाय खायला यायचा. पाय म्हणजे आमच्याकडचा भरलेला गरम पाव. सॉस कमी घातला म्हणून दर वेळी भांडायचा. त्या शुक्रवारी नऊ वाजले. साडेनऊ. दहा. आमचा पोलीस ब्रोडी आत आला.

"रेलीन, म्हातारा रात्री घरी आलेला नाही. शेजारीण सांगत होती. तुला ठाऊक असेल, कुठे गेला असेल?"

मावशीला त्या क्षणी कळलं, कुठे.

"सहा पैशांची टेकडी," ती म्हणाली. "नाहीतर जुन्या धरणामागे."

हे मला सांगताना तिचा भांडी घासणारा हात थांबला. नळ चालूच होता. तिला वाटलं होतं, हे लोक तिकडे जातील तोवर आपण पुढे जाऊन खड्डा बुजवू. पण ब्रोडीनं तिलाच गाडीत बसवलं. टेकडी झाली. धरण झालं. दोन तासांनी ती म्हणाली, "टिंकरची घळ बघू या का?"

दोन तास.

क्लॅरी तिथेच होता. एक पाय खड्ड्यात, खुबा मोडलेला. रात्रभर पडून. गवतावर दहिवर गोठलेलं, त्याच्या भुवयांवरसुद्धा. पण शुद्धीवर होता. मावशीला बघून म्हणाला, "उशीर केलास गं. पाय गार झाला असेल." खायचा पाय.

तो थट्टा करत होता, आणि मावशी अंगातला कोट काढून त्याच्यावर घालत होती.

शनिवारी ती बेंडिगोच्या दवाखान्यात गेली. ढेकूळ कोटाच्या खिशात होतं. त्याच्या हातात द्यायचं, सगळं सांगायचं, मग त्यानं थोबाडीत मारली तरी चालेल, असं ठरवून गेली होती.

क्लॅरीला धाप लागत होती. तो म्हणाला, "खड्डा कुणाचा होता कुणास ठाऊक. आपला नव्हता. आपण बुजवतो. हो ना, पोरी?"

मावशीचा हात खिशात होता. मुठीत ढेकूळ होतं.

"हो," ती म्हणाली.

रविवारी तो गेला.

अख्ख्या गावानं मेलबर्नच्या लोकांना शिव्या घातल्या. सुट्टीला येतात, रान उकरतात, खड्डे टाकून जातात. सगळ्यात मोठा आवाज मावशीचा होता. आणि माझा. बेकरीच्या दारात एक माणूस उभा होता, गाडीत मशीन, बरोबर दोन लहान मुलं. त्याला मी म्हटलं, "तुझ्या बापाचं रान आहे का रे?" आणखीही बोलले. त्यानं बिचाऱ्यानं माफी मागितली. कशाची ते त्यालाही माहीत नव्हतं. मुलं माझ्याकडे बघत होती.

त्याचं नाव मला माहीत नाही. माफी मागायला शोधू तरी कुठे?

क्लॅरीच्या बहिणीनं, ऊनानं, त्याचं मशीन आणि हेडफोन मावशीला दिले. "तुझ्याशिवाय कुणाला देऊ? तूच त्याचे कान होतीस."

आता तो रविवार.

मावशी खड्डा बुजवायला गेली. दुसरं काही नाही, फक्त बुजवायला. क्लॅरीचं मशीन गाडीत होतं, ते का बरोबर घेतलं तिला सांगता येत नाही. पिवळीधमक फुलं, मॅगपाय पक्षी गळा काढून ओरडत होते. खड्ड्याच्या काठावर अजून त्याच्या बोटांचे ओरखडे होते. पाच. डाव्या हाताचे.

तिनं माती ओढली. खड्डा भरला. कुदळीची पाठ.

थप... थप...

वर पाला टाकला आणि गाडीकडे निघाली. वीसेक पावलं गेली असेल...

थप... थप...

मागून.

ती वळली. खड्डा उघडा होता.

माती डाव्या बाजूला. त्या बुधवारी तिनं जशी उपसून टाकली होती तशीच, तोच ढीग, त्यात तीच फुटकी पांढरी गारगोटी वरती. कांगारूनं उकरलं तर माती चहूकडे उडते. ही ढिगानं होती.

मावशी घाबरट नाही. एकदा तिनं पायाशी आलेला साप कुदळीनं बाजूला सारून पुढे खणलंय. ती परत गेली, परत बुजवलं. या वेळी पाला टाकला नाही. तिथेच थांबून बघत राहिली.

काही झालं नाही.

मग तिच्या लक्षात आलं...

पक्षी गप्प झाले होते.

एकही नाही. वाराही नाही. एवढ्या झाडांत एक पान हलत नव्हतं.

तिनं हेडफोन लावले. मला म्हणाली, ती शांतता कानाला सहन होईना, म्हणून लावले. मशीन चालू केलं. गुणगुण आली. बरं वाटलं तिला.

आणि गुणगुण थरथरायला लागली.

हे आमच्यातल्या कुणालाही कळेल. दोन मशीनं जवळ आली की एकमेकांच्या आवाजात खोडा घालतात. गुणगुण थरथरते. म्हणजे जवळ दुसरं कुणीतरी मशीन फिरवतंय.

मावशीनं आजूबाजूला बघितलं. घळ रिकामी. उघडी, उन्हानं भरलेली. झाडांमागेही कुणी नाही.

थरथर आली... गेली. आली... गेली. कुणीतरी थाळी फिरवत होतं. सावकाश. आणि प्रत्येक फेरीत डावीकडे जरा थांबून. गुडघा दुखणाऱ्या माणसासारखं.

नऊ वर्षं तिनं ती चाल बघितली होती.

थरथर वाढत गेली. जवळ येत होती.

मावशीला पळायचं होतं. तिची थाळी बुजवलेल्या खड्ड्यावर होती, आणि तिथून...

खोल. मऊ. लांब.

तोच आवाज.

ढेकूळ घरी होतं. चहाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून. आणि आवाज इथे होता.

थरथर थांबली. अगदी मागे येऊन थांबली.

डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकली.

मावशी हलली नाही. हेडफोनची डावी वाटी कानावरून हळूच उचलली गेली. कानात गार हवा शिरली. दहिवर पडलेल्या सकाळसारखी गार, त्या उन्हात.

"ऐक जरा, पोरी. काही आहे का?"

आवाज रागाचा नव्हता. मावशी हे मला तीनदा म्हणाली. रागाचा नव्हता. तो जसा विचारायचा तसाच, जरा लाजून, जरा आशेनं.

तिला फक्त "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर.

"काही नाही, म्हाताऱ्या," मावशीच्या तोंडून आलं. "गरम दगड."

...

वाटी हळूच कानावर परत बसली.

खांद्यावर दोनदा थोपटलं गेलं.

आणि ती लंगडी थरथर दूर दूर जात मिटली. मग सगळे पक्षी एकदम ओरडायला लागले.

"त्यानं मानलं," मावशी भांड्यांकडे बघत म्हणाली. "पुन्हा मानलं गं त्यानं. पहिल्यांदा मी सोन्यासाठी खोटं बोलले. या वेळी कशासाठी? मेलेल्या माणसापुढेसुद्धा मला चांगलंच दिसायचं होतं?"

मी पुढे होऊन नळ बंद केला.

त्यानंतरच्या रविवारी तिनं ढेकूळ त्याच खड्ड्यात पुरलं. वर माती, थप थप, पाला. पुढच्या रविवारी गेली, तर खड्डा उघडा. आणि ढेकूळ काठावर. मातीचा कण नाही त्याला, पुसून ठेवलेलं.

चोर असता तर घेऊन गेला असता. पुसून काठावर कोण ठेवतं?

चार वेळा पुरलं तिनं. चारही वेळा तेच.

"तो घेत का नाही मावशी? त्यालाच तर बघायचं होतं ना?"

"त्याला कसं दिसणार? तिथं काही नाही असं मीच सांगितलंय त्याला. तो माझं मानतो."

मी म्हटलं, मग ब्रोडीला सांग, ऊनाला सांग, गावाला सांग, काय व्हायचं ते होऊ दे. ती म्हणाली, आधी त्याला सांगायचंय. एकदा विचारू दे. फक्त एकदा. या वेळी मी हो म्हणणार.

म्हणून ती दर रविवारी जाते.

गेल्या रविवारी गाडी मी चालवली. मी वरच्या रस्त्यावर थांबले. ती हातात ढेकूळ घेऊन खाली उतरली. थोड्या वेळानं मी मागे बघितलं तर कुदळ गाडीतच होती. विसरली वाटतं, म्हणून ती घेऊन मी निघाले. झाडांपर्यंत पोचले असेन...

थप... थप...

कुदळ माझ्या हातात होती.

मी तिथेच उभी राहिले. पक्षी गप्प होते. कधीपासून ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खाली झाडांआड मावशीची पाठ दिसत होती, अगदी ताठ. मग तिचा आवाज आला. हळू, पण त्या शांततेत स्वच्छ ऐकू आला.

"काही नाही, म्हाताऱ्या. गरम दगड."

मी धावत मागे आले. कुदळ होती तिथे ठेवली. गाडीत बसले. पाच मिनिटांनी ती वर आली, माझ्या शेजारी बसली, दार लावलं.

"विचारलं का त्यानं?" मी म्हटलं.

"नाही," मावशी म्हणाली. खिडकीबाहेर बघत. "आज आलाच नाही."

मी किल्ली फिरवली. थोडं पुढे गेल्यावर तिनं विचारलं, "तुला काही ऐकू आलं का गं?"

किती सोपं होतं हो म्हणणं.

"काही नाही," मी म्हणाले.

आणि माझ्या डाव्या खांद्यावर, अगदी हलक्या हातानं, कुणीतरी दोनदा थोपटलं.

मावशी डावीकडेच बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीत होते, ढेकळावर घट्ट मिटलेले.